डब्यावरील क्रमांक : इंजिन तेलाच्या श्यानता-वर्गीकरणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही गॅरेजमध्ये 'वीस-चाळीस' एवढे म्हटले तरी कारागीर तेलाचा डबा पुढे करतो. २०डब्ल्यू-४० हा क्रमांक इतका रूढ झाला आहे की ते तेलाचे नावच वाटावे. वस्तुतः तो एक करार आहे. अमेरिकेतील वाहननिर्माते आणि तेल-उत्पादक यांच्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेल्या वाटाघाटींचे फलित त्यात साठलेले असून, त्यातील महत्त्वाच्या दुरुस्त्यांमागे बहुधा कोणते ना कोणते अपयश उभे आहे. हा इतिहास दृष्टीआड झाला की 'जितके जाड तितके चांगले' हा जुना समज आणि 'जितके पातळ तितके आधुनिक' हा नवा समज, दोन्ही सारख्याच सहजतेने स्वीकारले जातात. प्रस्तुत लेखात या वर्गीकरणाच्या जडणघडणीचा आणि भारतीय परिस्थितीतील त्याच्या अर्थाचा परामर्श घेतला आहे.

तेलाचा थर आणि त्याचे मोजमाप

द्रवाच्या प्रवाहास होणारा अंतर्गत विरोध म्हणजे श्यानता. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त या विरोधाची कल्पना मांडली होती. परंतु यंत्राच्या बेअरिंगमध्ये तेल नेमके काय करते, हे कळण्यास आणखी दोन शतके जावी लागली. १८८३ मध्ये बोशाँ टॉवर या ब्रिटिश अभियंत्याने इंग्लंडमधील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेसाठी घर्षणाचे प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावर त्याने पाडलेल्या छिद्रातून तेल वर येऊ लागले. त्याने छिद्रात बूच ठोकले. तेलाने ते बाहेर ढकलले. फिरणारा दांडा आपल्याबरोबर तेल ओढून नेतो आणि त्या तेलात इतका दाब निर्माण होतो की धातूला धातू टेकतच नाही, हे या क्षुल्लक वाटणाऱ्या घटनेतून उघड झाले. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्याची गणिती उपपत्ती दिली. तेलाच्या निवडीचा सारा प्रश्न या सिद्धान्तात बीजरूपाने आहे. श्यानता फार कमी असेल तर थर तुटतो. फार जास्त असेल तर ते तेल घुसळण्यातच इंधन खर्ची पडते.

अमेरिकेत १९०५ मध्ये स्थापन झालेल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने (एसएई) १९११ मध्ये इंजिन तेलासाठी पहिले विनिर्देशन काढले. १९२० च्या दशकात केवळ श्यानतेवर आधारलेले १०, २०, ३० असे क्रमांक प्रचारात आले. ठरावीक तपमानाला ६० घन सेंटिमीटर तेल बारीक छिद्रातून गळण्यास किती सेकंद लागतात, हे सेबोल्ट उपकरणाने मोजले जाई. क्रमांकाला स्वतःचे एकक मात्र नव्हते व आजही नाही. आजच्या मानकानुसार १०० अंश सेल्सिअसला २० क्रमांकाच्या तेलाची श्यानता ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, तर ४० क्रमांकाची १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते. म्हणजे चाळीसचे तेल विसाच्या दुप्पट दाट असते, असेही नाही.

एका अंकाचे दोन अंक

तापल्यावर सर्वच तेले पातळ होतात, परंतु सारख्या प्रमाणात नव्हे. पेनसिल्व्हेनियाच्या खनिज तेलात हा फरक कमी, तर टेक्सासच्या आखाती तेलात जास्त आढळे. डीन आणि डेव्हिस यांनी १९२९ मध्ये पहिल्यास १०० आणि दुसऱ्यास ० धरून 'श्यानता निर्देशांक' बसविला. पुढे बहुवारिक रसायने मिसळून हा निर्देशांक वाढविता येऊ लागला आणि एकच तेल हिवाळ्यात व उन्हाळ्यात चालविण्याची शक्यता निर्माण झाली. क्रमांकातील 'डब्ल्यू' हे 'विंटर', म्हणजे हिवाळा, या शब्दाचे आद्याक्षर. हे हिवाळी वर्ग १९५० मध्ये मानकात रीतसर आले. मात्र त्या वेळी थंडीतील श्यानता प्रत्यक्ष मोजली जात नसे. दोन उष्ण तपमानांवरील मोजमापांतून आलेखावर रेषा काढून ती थंडीपर्यंत वाढविली जाई. बहुवारिके मिसळलेली तेले त्या रेषेचे बंधन पाळीनात. तेव्हा १९६० च्या दशकाच्या अखेरीस थंड इंजिन फिरविताना होणारा विरोध मोजणारी स्वतंत्र चाचणी आली.

तीही अपुरी ठरली. १९८०-८१ च्या हिवाळ्यात दक्षिण डकोटा राज्यातील सू फॉल्स परिसरात चाचणीस उतरलेल्या काही तेलांनी इंजिनांचा घात केला. इंजिने सुरू होत. पण तेल वर चढत नसे. मंद गतीने, दीर्घकाळ थंड झालेल्या तेलात मेणाच्या स्फटिकांचे जाळे बनून ते खिरीसारखे थिजले होते आणि पंपाला तेलाऐवजी हवाच मिळत होती. प्रयोगशाळेत तेल झटपट थंड केले जाई. निसर्गाने ते सावकाश केले, आणि फरक तेवढाच होता. त्यानंतर सुमारे दोन दिवस हळूहळू थंड करून घ्यावयाची चाचणी अस्तित्वात आली. आज २०डब्ल्यू या वर्गाच्या तेलास उणे १५ अंशांवर इंजिन फिरविण्याची आणि उणे २० अंशांवर पंपातून वाहण्याची, अशा दोन वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात.

उष्ण बाजूसही असाच एक आडपडदा होता. बेअरिंगमधील प्रचंड कर्तनवेगात बहुवारिकांचे लांब रेणू प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि तेल तात्पुरते पातळ पडते. गळतीच्या उपकरणात हे दिसत नाही. म्हणून १९९० च्या दशकात १५० अंश तपमान व उच्च कर्तन यांखालील किमान श्यानता मानकात नोंदविण्यात आली. २०डब्ल्यू-४० साठी ती ३.७ मिलिपास्कल-सेकंद आहे. इंजिन टिकण्याच्या दृष्टीने हा आकडा फार महत्त्वाचा. पण डब्याच्या दर्शनी भागावर तो क्वचितच छापला जातो.

पातळ तेलाकडे वळण मात्र वंगणशास्त्राने दिलेले नाही. ते कायद्याने दिले. इंधन-कार्यक्षमतेचा अमेरिकी कायदा १९७५ चा. २००१ च्या मॉडेल वर्षापासून फोर्ड आणि होंडा यांनी अमेरिकेत ५डब्ल्यू-२० ची शिफारस सुरू केली. मानकात १६ हा क्रमांक २०१३ मध्ये, तर १२ व ८ हे २०१५ मध्ये आले. ८ क्रमांकाची उच्च-कर्तन मर्यादा १.७ आहे, म्हणजे वर उल्लेखिलेल्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. ही तेले त्यांच्यासाठीच घडविलेल्या बेअरिंगांत आणि पंपांसोबत चालतात. जुन्या इंजिनात ती ओतणे हे आधुनिकीकरण नव्हे.

भारतीय संदर्भ

निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही पारा शून्याच्या जवळपास अडतो. सू फॉल्सचा धडा येथील रस्त्यांवर फारसा उपयोगी नाही. लडाखमध्ये तो शब्दशः लागू पडतो. महाराष्ट्रापुरते पाहता २०डब्ल्यू हा वर्ग इंजिन सुरू होण्यास बहुधा पुरेसा असतो आणि खरा विचार दुसऱ्या अंकाचा करावा लागतो. त्या दृष्टीने 'वीस-चाळीस'ची परंपरा अडाणीपणाची मानता येत नाही. तिचा दोष एवढाच की, कमी दाट तेलासाठी रचलेल्या इंजिनांवरही ती सवयीने लादली जाते.

दुचाकींचा प्रश्न आणखी निराळा आहे. द्विधाव (टू-स्ट्रोक) स्कूटरमध्ये तेल पेट्रोलबरोबर जळून जाई, त्यामुळे साठवणुकीतील तेलाच्या क्रमांकाची चर्चा तेथे गौण होती. १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० सारख्या चतुर्धाव मोटारसायकलींनी ती सामान्य ग्राहकाच्या दारात आणली. मोटारसायकलीत तेच तेल इंजिन, दंतचक्रे आणि तेलात बुडालेला क्लच या तिघांना पुरवावे लागते. मोटारीच्या तेलातील घर्षण कमी करणारी रसायने येथे क्लच घसरविण्यास कारणीभूत ठरू शकतात. याच कारणास्तव जपानी मानकसंस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'एमए' व 'एमबी' हे वर्ग केले. दोन डब्यांवर १०डब्ल्यू-३० हाच क्रमांक असूनही एक तेल मोटारसायकलीस योग्य आणि दुसरे अयोग्य असू शकते, कारण घर्षणाविषयी तो क्रमांक काहीच बोलत नाही.

हवेने थंड होणाऱ्या लहान पेट्रोल इंजिनांत तर बहुश्रेणी तेलाची प्रतिष्ठाच उलटते. गवत कापण्याच्या यंत्रांची इंजिने बनविणारी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही अमेरिकी कंपनी ४ अंश सेल्सिअसच्या वर साधे एकश्रेणी एसएई ३० सुचवीत आली आहे, आणि २७ अंशांच्या वर १०डब्ल्यू-३० वापरल्यास तेलाचा खप वाढू शकतो अशी सूचना देते. विदर्भात पारा २७ अंशांखाली राहील असे दिवस वर्षात थोडेच.