सामना कुणाचा, प्रक्षेपण कुणाचे?

नोव्हेंबर 1993. कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर हिरो करंडकाचा उपांत्य सामना. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या. चेंडू सचिन तेंडुलकरकडे आला, त्याने तीनच धावा दिल्या आणि भारत दोन धावांनी जिंकला. हे षटक अनेकांना आजही पाठ आहे. त्याच स्पर्धेत मैदानाबाहेर चाललेली दुसरी झुंज मात्र फारशी कुणाला आठवत नाही, आणि भारतातला खेळाचा धंदा बदलला तो त्या झुंजीमुळे.

बंगाल क्रिकेट संघटनेने या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले होते. सरकारला हे मान्य नव्हते. 1885 च्या तार कायद्यानुसार प्रक्षेपणाचा मक्ता आपलाच, असे त्याचे म्हणणे. कंपनीची यंत्रसामग्री मुंबईत कस्टमने अडवली आणि वाद कोर्टात गेला.

त्याच्या काही वर्षे आधीपर्यंत क्रिकेटच्या प्रक्षेपणातून पैसा मिळतो, हे मंडळांच्या गावीही नव्हते. 1934 मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांत बॉबी तल्यारखान यांनी रेडिओवरून धावते समालोचन केले. ते एकट्याने दिवसभर बोलत. माइक कुणाशी वाटून घ्यायला ते राजी नसत. पुढे बाळ ज. पंडितांनी मराठी समालोचन घराघरांत पोचवले. त्या काळात संयोजकांची कमाई होती ती मुख्यतः तिकीट खिडकीवरची. टीव्ही आला तरी हिशेब फारसा बदलला नाही. उलट नव्वदीच्या सुरुवातीला सामना दाखवायचा तर क्रिकेट मंडळानेच सामन्यामागे पाच लाख रुपये द्यावेत, अशी दूरदर्शनची मागणी होती.

हे गणित उपग्रहाने उलटवले. 1991 मध्ये स्टार टीव्ही आणि 1992 मध्ये झी आले, गल्लीबोळांत केबलच्या तारा लोंबू लागल्या. दाखवणारे एकाहून अधिक झाले, तशी सामन्याला बोली लागू लागली. 1993 च्या इंग्लंडच्या भारत दौऱ्याचे हक्क मंडळाने टीडब्ल्यूआयलाच विकले होते.

हिरो करंडकाच्या खटल्याचा निकाल 9 फेब्रुवारी 1995 ला लागला. खंडपीठाचे नेतृत्व न्यायमूर्ती पी. बी. सावंत या मराठी न्यायाधीशांकडे होते. प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे न्यायालयाने ठामपणे सांगितले. त्यांच्यावर सरकारचा मक्ता चालणार नाही आणि त्या खासगी कंपन्यांच्या मुठीतही जाता कामा नयेत. नियमनासाठी स्वायत्त संस्था हवी. सरकारी मक्ता नाकारणारी निकालाची पहिली बाजू क्रिकेट मंडळांनी लगेच उचलली. खासगी मक्त्याविरुद्धच्या दुसऱ्या बाजूकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले.

पुढची वाटचाल वेगवान होती. 1996 च्या विश्वचषकाचे हक्क मार्क मस्कारेन्हस यांच्या वर्ल्डटेल कंपनीने एक कोटी डॉलरला घेतले. बघता बघता प्रक्षेपण हेच क्रिकेटचे मुख्य उत्पन्न झाले. पण महत्त्वाचे सामने पैसे मोजणाऱ्या वाहिन्यांवर गेले तर केबल नसलेल्या घराने काय करायचे? 2007 च्या कायद्याने त्यावर तोडगा काढला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचे आणि टीव्हीवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला किमान 75 टक्के वाटा हक्कधारकाने घ्यायचा. खेड्यातल्या अँटेनावर भारताचे सामने दिसत राहिले, ते या कायद्यामुळे.

मग मोबाइल आला. 2010 चे आयपीएल यूट्यूबवर थेट दाखवले गेले, तेव्हा ती नवलाई होती. 2016 नंतर स्वस्त डेटामुळे मोबाइल हाच धंद्याचा गाभा झाला. जून 2022 च्या ई-लिलावात 2023 ते 2027 या पाच हंगामांचे आयपीएलचे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. 410 सामने धरले, तर एका सामन्यामागे सुमारे 118 कोटी. भारतातल्या टीव्हीसाठी 23,575 कोटी मिळाले, डिजिटलच्या मुख्य हक्कांसाठी 20,500 कोटी. बारा वर्षांपूर्वीची नवलाई टीव्हीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. 2023 मध्ये जिओसिनेमाने आयपीएल फुकट दाखवले, तेही मराठीसह बारा भाषांत. अँटेनावाल्या प्रेक्षकाने काय पाहिले, हे कंपनीला थेट कळत नसे. मोबाइलवर कोण, कुठून आणि किती वेळ पाहतो याची नोंद होते, आणि जाहिरातदार त्या नोंदीचे पैसे मोजतो.

या पैशाने काही जुने अन्यायही दूर केले. 1973 मध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली, तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. महिला क्रिकेट पुढची कित्येक वर्षे कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर राहिले. जानेवारी 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क 951 कोटींना विकले गेले. पुढच्याच महिन्यात मुंबईतल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला 3 कोटी 40 लाखांची बोली लागली. हा खेळ बघायला प्रेक्षक तयार होते; त्यांच्यापर्यंत तो पोचवायला कुणी पैसे लावत नव्हते, एवढेच.

नोव्हेंबर 2024 मध्ये डिस्ने स्टार आणि वायकॉम18 यांचे विलीनीकरण झाले. आयपीएलचे टीव्ही आणि डिजिटल हक्क त्यामुळे एकाच कंपनीकडे आले. फुकट आयपीएलची दोन वर्षे संपली आणि 2025 मध्ये जिओहॉटस्टारवर वर्गणी लागू झाली. 2007 चा कायदा प्रसार भारतीचे जमिनीवरचे प्रक्षेपण आणि डीटीएच यांच्यापुरता आहे. आज ज्या प्रेक्षकाचा एकमेव पडदा म्हणजे हातातला मोबाइल, त्याची तरतूद त्यात नाही. न्यायमूर्ती सावंतांच्या खंडपीठाने सरकारी आणि खासगी अशा दोन्ही मक्त्यांबद्दल बजावले होते. ते बजावणे मोबाइललाही लागू करायचे असेल, तर 2007 चा कायदा नव्याने लिहावा लागेल, आणि ते काम 2027 नंतरच्या हक्कांचा लिलाव पुकारला जाण्याआधी व्हायला हवे.