टीबीच्या खात्यावर मांडलेली धूळ

चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात कोळशाचं सरकारी खोदकाम सुरू झालं ते १८७१ मध्ये, वरोऱ्याला. कोळसा वाहून न्यायला वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली. १९०६ मध्ये ती खाण बंद झाली, तोवर बल्लारपूरचा कोळसा निघू लागला होता. वरोऱ्याहून किती टन कोळसा गेला याचा हिशेब सरकारने ठेवला. तो खणणाऱ्यांच्या छातीचा ठेवला नाही. तेव्हा तो ठेवणं शक्यही नव्हतं, क्ष-किरणांचा शोधच मुळी १८९५ चा. पण पुढे एक्स-रे यंत्रं गावोगाव पोचली, कायदे झाले, खाणी सरकारच्या झाल्या, तरी छातीचा हिशेब नीट लागला नाही. मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे आणि बल्लारपूरच्या एका लोडरची मुलगी आहे. हा हिशेब का लागला नाही, हे मला दोन्ही नात्यांनी विचारावंसं वाटतं.

आधी धुळीबद्दल. बाबा ज्या फेसवर, म्हणजे कोळसा फोडायच्या जागेवर, काम करायचे तिथे ड्रिलने कोळशात भोकं पाडायची, त्यांत बारूद भरायची, शॉटफायरर ती उडवायचा आणि मग लोडरांनी फावडं-टोपली घेऊन पडलेला कोळसा टबात भरायचा. मजुरी टबावर. धूर आणि धूळ बसेपर्यंत थांबावं, कोळशावर पाणी मारावं, असा नियम होता. पण जो थांबला त्याचे टब कमी भरले. त्यामुळे उडवल्याचा आवाज विरतो न विरतो तोच माणसं आत शिरायची. कॅप लॅम्पच्या झोतात धूळ नाचताना दिसायची, असं बाबा सांगत. खरी गोष्ट अशी की जी धूळ झोतात ठळक दिसते ती बरीचशी नाका-घशात अडकते आणि काळ्या बेडक्यातून बाहेर पडते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. पाच मायक्रॉनहून बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत, आणि तेच फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातात. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात, पचवू शकत नाहीत, मरतात, आणि त्या जागी हळूहळू वण धरतो. असे वण एकमेकांना मिळत गेले की फुप्फुसात घट्ट गाठी होतात. त्यानंतर माणूस खाणीतून बाहेर आला तरी आजार पुढे सरकत राहू शकतो. झालेला वण विरघळवणारं औषध आजही नाही.

या आजाराला कोळसा खाणकामगारांचा न्यूमोकोनिओसिस म्हणतात. काळं फुप्फुस डॉक्टरांना नवं नव्हतं. एडिंबरामध्ये १८३१ मध्ये जेम्स ग्रेगरी यांनी एका खाणकामगाराच्या काळ्याठिक्कर फुप्फुसाचं वर्णन छापलं होतं. तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ब्रिटनमधल्या जाणकारांचं मत होतं की घातक असते ती दगडाची धूळ, म्हणजे सिलिका. कोळशाची धूळ निरुपद्रवी, उलट क्षयापासून वाचवणारी, असंही काही जण मानत. भरपाईचा कायदा या मतावर उभा होता. दगड फोडणाऱ्याला सिलिकोसिसचे पैसे मिळत आणि कोळसा फोडणाऱ्याला म्हातारपणचा दमा असल्याचं सांगितलं जाई.

हे मत मोडलं ते कार्डिफ बंदरातल्या माणसांमुळे. जहाजाच्या पोटात ओतलेला कोळसा फावड्याने सारखा करणारे हे कामगार. त्यांना ट्रिमर म्हणत. त्यांनी खाणीतला दगड फोडलेला नव्हता, त्यांच्या नाकात गेला तो फक्त कोळसा. १९२८ मध्ये कॉलिस आणि गिलख्रिस्ट यांनी त्यांच्या छातीचे विकार नोंदवले. १९४० मध्ये जेथ्रो गॉफ या विकृतिशास्त्रज्ञाने मेलेल्या ट्रिमरांची फुप्फुसं तपासून दाखवलं की निव्वळ कोळशानेही हा आजार होतो. १९४२ मध्ये तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अहवालाने त्याला स्वतंत्र नाव दिलं आणि १९४३ मध्ये तो भरपाईच्या यादीत आला. नंतर आर्ची कॉक्रेन यांनी ऱ्होंडा फाख या वेल्सच्या खोऱ्यात जवळजवळ सगळ्या प्रौढ माणसांचे एक्स-रे काढले. कामावरचे, घरी बसलेले, निवृत्त, सगळे. कामाच्या हजेरीपटावर नाव नसलेला माणूसही त्यांनी मोजला. माझ्या मते या आजाराच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं काम हे आहे.

त्याच १९४३ मध्ये आपल्याकडे काय चाललं होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य होते. त्या डिसेंबरात ते धनबादच्या खाणपट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत उतरून कामगार कसे राबतात ते पाहिलं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसवून दवाखाने, पाणी, घरं यांची सोय करण्याची ती सुरुवात. पण युद्धाला कोळसा हवा होता. भूगर्भातल्या कामावर स्त्रियांना असलेली बंदी १९४३ मध्येच उठवली गेली होती आणि आपल्या मध्य प्रांतातल्या बायकाही पुन्हा खाली उतरल्या. समान कामाला समान मजुरी मिळाली पाहिजे, असं बाबासाहेबांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठामपणे मांडलं. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. माझी आजी त्या बायकांपैकी एक. डोक्यावर कोळशाची टोपली घेऊन ती अंधारात चढ चढायची. तिच्या छातीचा एक्स-रे कधी निघाला नाही. चुलीच्या धुराने खोकला लागला, असंच सगळे म्हणत, आणि तीही तेच म्हणत गेली.

स्वतंत्र भारताचा खाण कायदा १९५२ चा. त्याच्या कलम २५ खाली न्यूमोकोनिओसिस हा कळवण्याजोगा आजार ठरला. खाणीत काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला हा आजार असल्याचा संशय आला तर डॉक्टरने मुख्य खाण निरीक्षकाला कळवलं पाहिजे, असं कायद्यात लिहिलं. न कळवल्यास दंड किती? जास्तीत जास्त पन्नास रुपये. पुढे खाण नियमांत दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी आणि छातीचा एक्स-रे सक्तीचा झाला. १९७३ मध्ये आपल्या भागातल्या खाणी राष्ट्राच्या झाल्या. पगार सुधारला, क्वार्टर मिळाले, दवाखाने झाले, हे मी कृतज्ञतेने लिहिते. मी शिकले ती त्याच पगारावर.

बाबांचा खोकला मात्र टीबी ठरला. बेडक्यात जंतू सापडले नव्हते तरी टीबीची औषधं सुरू झाली, संपली, पुन्हा सुरू झाली. धाप वाढतच गेली. कोणत्या फेसवर किती वर्षं काढली, हे कोणी विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मी नागपूरला शिकून परतले तेव्हा पेटीतले त्यांचे एक्स-रे काढून उजेडाच्या पेटीवर लावले. हा आजार वाचायची एक रीत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रमाण फिल्मचा संच केलेला आहे. रुग्णाची फिल्म आणि प्रमाण फिल्म शेजारी शेजारी ठेवायच्या आणि ठिपके जुळवायचे. दीड मिलिमीटरपर्यंतचा गोल ठिपका पी, तीनपर्यंतचा क्यू, दहापर्यंतचा आर. एक सेंटिमीटरहून मोठी सावली दिसली तर ती मोठी गाठ, मग तिचे ए, बी, सी. ठिपक्यांची दाटी शून्यापासून तीनपर्यंत. बाबांच्या सगळ्यात जुन्या फिल्मवर वरच्या भागात क्यू ठिपके होते, विरळ. पुढच्या फिल्मवर दाट. शेवटच्या फिल्मवर उजवीकडे वर लिंबाएवढी सावली. तारखेप्रमाणे लावल्या तर आजार चालत आलेला दिसत होता. प्रत्येक फिल्मवर एकच शेरा होता: जुना क्षय.

"आता कायले नाव बदलवतं त्याचं? नाव बदललं तं दम लागाचा राह्यते का?" बाबा म्हणाले.

दम लागणं थांबणार नव्हतं. पण टीबी माणसाला घरातून, शेजारून, कुठूनही होतो. न्यूमोकोनिओसिस कामातूनच होतो. पहिलं नाव लिहिलं की रोग रोग्याचा. दुसरं लिहिलं की जबाबदारी मालकाची, तपासणी वैद्यकीय बोर्डाची, भरपाई कायद्याची. नावातला फरक एवढा आहे. इथे टीबी आहेच, आणि सिलिकाची धूळ खाल्लेल्या माणसाला तो होण्याचा धोका जास्तच. दोन्ही एकाच छातीत असू शकतात. म्हणून बेडक्याची तपासणी टाळू नये, पण टीबी लिहून धुळीची फाइल बंदही करू नये.

हा आजार संपला, असं मला अधूनमधून ऐकवलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा दाखला मी तसं म्हणणाऱ्यांना देते. तिथे सुमारे तीस वर्षं एकही नवा रुग्ण नोंदला गेला नव्हता. २०१५ मध्ये रुग्ण सापडू लागले, जुन्या फिल्म तज्ज्ञांनी पुन्हा वाचल्या, आणि आजार कुठेही गेलेला नव्हता हे समजलं. वाचणारे कमी पडले होते. आज आपल्या चंद्रपूर-वणी पट्ट्यात बहुतेक कोळसा उघड्या खाणीतून निघतो. लोक म्हणतात, उघड्यावर कसली धूळ? ड्रिल मशीनवर, क्रशरपाशी, डंपरच्या रस्त्यावर एक पाळी उभे राहा, मग सांगा. शिवाय मातीचा थर काढताना दगड फुटतो, म्हणजे सिलिकाही आलीच. आणि तिथला पोरगा पुष्कळदा कंत्राटी असतो. कंत्राटदार बदलला की हजेरीपट बदलतो आणि त्याच्या छातीचा इतिहास पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतो.

म्हणून माझं सांगणं दोन प्रकारच्या माणसांना आहे. डॉक्टर मित्रांनो, खाणपट्ट्यातला खोकणारा माणूस समोर बसला की त्याने आयुष्यभर कुठलं काम केलं, कुठल्या जागी, किती वर्षं, हे केसपेपरवर पहिल्या ओळीत लिहा. आणि खाणीत राबलेल्यांनो, सेवेचे कागद, कंत्राटदाराने दिलेलं ओळखपत्र, जुने एक्स-रे, काहीही फेकू नका. निवृत्त झालात तरी एक्स-रे काढून घ्या आणि धुळीच्या आजाराची तपासणी करा असं स्वतःहून सांगा. न्यूमोकोनिओसिस असेल तर तो शब्द कागदावर लिहून घ्या. तो लिहिल्याशिवाय भरपाईचा दावा उभा राहत नाही.