प्राणिमुखी दागिने, प्राचीन इराणी

टोकांना प्राण्यांची मुंडकी असलेले किंवा सबंध प्राण्याच्याच आकारात घडवलेले प्राचीन इराणमधले धातूचे दागिने. कडी, हसळ्या, पदके आणि वस्त्र अडकवायच्या लांब टाचण्या हे त्यांतले मुख्य प्रकार. संग्रहालयांच्या कपाटांत ते एकाच रांगेत मांडलेले दिसतात, पण लुरिस्तानच्या डोंगरातले ब्राँझ आणि इराणच्या हखामनी राजघराण्याच्या दरबारातले सोने यांच्यात काही शतकांचे अंतर आहे आणि दोन्हींची घडणही वेगळी.

पश्चिम इराणमधल्या झाग्रोस पर्वतराजीत लुरिस्तानची ब्राँझ कारागिरी बहरली ती सुमारे इ. स. पू. १००० ते ६५० या काळात. नमुना मेणात घडवायचा, त्यावर मातीचा लेप चढवायचा, तापवून मेण बाहेर काढायचे आणि उरलेल्या पोकळीत वितळलेले ब्राँझ ओतायचे, ही तिथली रीत. धातू थंड झाला की साचा फोडावाच लागे. त्यामुळे दर नगाला नवा नमुना लागे आणि दोन नग हुबेहूब सारखे क्वचितच सापडतात. या कारागिरांचा लाडका प्राणी म्हणजे रानबोकड. त्याची शिंगे मागे वळून पाठीला टेकतात, मान नको तितकी लांबते, आणि मेणाची वळी बोटांनी वाकवल्याची लवचीकता धातूतही शाबूत राहते. काही टाचण्यांवर दोन श्वापदांना दोन्ही हातांनी आवरून धरणारा पुरुष दिसतो. तो देव की वीर, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

या टाचण्या नुसत्या अंगावर मिरवण्यासाठी नव्हत्या. पुरातत्त्वज्ञ एरिक श्मिट यांनी १९३८ मध्ये लुरिस्तानातील सुर्ख दुम येथील देवस्थान खणले, तेव्हा अनेक टाचण्या भिंतींत खोचलेल्या मिळाल्या. त्या देवाला वाहिलेल्या असाव्यात, असे मानतात.

हखामनी काळात (इ. स. पू. सुमारे ५५०–३३०) दागिन्यांवरचा प्राणी दरबारी झाला. मनगटावरच्या कड्याची दोन टोके समोरासमोर येतात, तिथे सिंह, रानबोकड किंवा पंखवाले काल्पनिक श्वापद बसते. कड्याची मागची बाजू बरेचदा आत दबलेली असते, आणि ही खूण पाहून जाणकार काळ ओळखतात. हखामनी राजधानी पर्सेपोलिसच्या अपदान दालनाच्या जिन्यावर नजराणे घेऊन आलेल्यांच्या हातांत अशी कडी कोरलेली आहेत. ग्रीक लेखक झेनोफनच्या ‘सायरोपीडिया’त म्हटले आहे, की कडी, हसळ्या आणि सोन्याच्या लगामाचे घोडे राजाने दिल्याखेरीज कोणी बाळगू शकत नसे. हा ग्रंथ कादंबरीच्या अंगाने जातो, पण एवढी गोष्ट पटण्यासारखी आहे.

सुसा येथे १९०१ मध्ये जाक द मॉर्गन यांच्या पथकाला ब्राँझच्या शवपेटीतली एक कबर सापडली. मृताच्या गळ्यात सिंहमुखी सोन्याची हसळी आणि हातांत सिंहमुखी कडी होती. त्यांवर फिरोजा आणि लाजवर्द जडवलेले होते. हे दागिने आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. इथे नुसते ओतकाम नव्हते. पत्रा ठोकणे, भाग जोडणे आणि खडे बसवणे यांचीही जोड होती. सुसाच्या महालाविषयीच्या आपल्या शिलालेखात हखामनी राजा पहिला दारयवहू सांगतो, की सोन्याचे काम मीडियाच्या आणि इजिप्तच्या कारागिरांनी केले. साम्राज्याची सोनारशाळा एका गावची नव्हती.

या विषयातली खरी अडचण आहे बाजाराची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लुरिस्तानच्या कबरी उकरून निघालेले ब्राँझ तेहरान आणि पॅरिसच्या दुकानांत आले. कुठल्या कबरीत, कोणाशेजारी काय होते, हे कायमचे हरवले. १९६५ पासून लुई वांदन बेर्घ यांच्या बेल्जियन पथकाने रीतसर उत्खनने केली, तेव्हा कुठे कालक्रमाला आधार मिळाला. मध्य आशियातल्या ऑक्सस नदीकाठी १८८० च्या सुमारास हाती लागलेल्या खजिन्याचीही तीच कथा. तो व्यापाऱ्यांमार्फत रावळपिंडीत पोहोचला आणि तिथल्या विक्रेत्यांनी ब्रिटिश म्युझियमचे ऑगस्टस फ्रँक्स यांच्यापुढे आधी सोन्याच्या नकला ठेवल्या. फ्रँक्स यांनी त्या ओळखल्या आणि मग अस्सल वस्तू पुढे आल्या. त्याच खजिन्यातल्या पंखवाल्या श्वापदांच्या कड्यांच्या जोडीपैकी एक ब्रिटिश म्युझियममध्ये, दुसरे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या मालकीचे आहे. दोन्हींच्या अंगावरची जडावाची घरे आता जवळजवळ रिकामी आहेत.