‘शेजारी’तला मिर्झा कोण झाला?

व्ही. शांताराम यांचा ‘शेजारी’ १९४१ साली आला. आदल्याच वर्षी लाहोरला मुस्लीम लीगचा ठराव झाला होता आणि हिंदू-मुसलमानांनी एकत्र नांदायचे की वेगळे व्हायचे, याचा वाद देशभर पेटला होता. अशा दिवसांत पुण्याच्या प्रभात स्टुडिओत एका खेड्याची गोष्ट उभी राहिली. कथा विश्राम बेडेकरांची. जीवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे, एकमेकांचे शेजारी, बुद्धिबळाचे भिडू. धरण बांधायला आलेल्या ओंकारला गावची जमीन हवी असते. गाव एक आहे तोवर ती मिळणार नाही, म्हणून तो या दोघांतच वैर पेरतो. शेवटी धरण फुटते आणि दोघे हातात हात घालून मरतात.

आम्ही नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली माणसे. पाणी आणि जमीन यांवरून सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. भांडण धर्माच्या नावाने होते, काडी मात्र जमिनीसाठी टाकलेली असते, हे बेडेकरांनी नेमके हेरले.

मला बोलायचे आहे ते नटांविषयी. हाच चित्रपट हिंदीत ‘पडोसी’ म्हणून निघाला. त्यात मिर्झा झाले गजानन जागीरदार आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान. ही अदलाबदल जाणूनबुजून केलेली होती.

तिची किंमत कळायला जरा हॉलिवूडकडे बघा. जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ (१९५६) हा तिकडच्या काउबॉयपटांतला अव्वल मानलेला चित्रपट. त्यातला कोमांची टोळीचा सरदार झाला हेन्री ब्रँडन, बर्लिनमध्ये जन्मलेला गोरा नट. खरे आदिवासी त्यात होते, पण मागे घोड्यांवर बसलेले. आणि तेही कोमांची नव्हे, नावाहो! गोऱ्याने आदिवासी व्हायचे, पण आदिवासी नटाला कोणी गोऱ्या शेरीफची भूमिका देत नसे. ये-जा एकाच बाजूने. ‘पडोसी’त ती दोन्ही बाजूंनी झाली, तीही पंधरा वर्षे आधी.

आता आपल्या घरची गोष्ट. मराठी ‘शेजारी’त मिर्झा जागीरदारच, पण जीवबा झाले केशवराव दाते. दोघांची कामे लाजवाब आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. मराठी पडद्यावर गावचा मुसलमान म्हातारा कथेच्या मधोमध बसला, हेही थोडे नाही. तरी अदलाबदल हिंदीपुरतीच राहिली. मराठीत मुसलमान दिसला, मुसलमान नट दिसला नाही. मला हे खटकते, आणि चित्रपट आवडतो म्हणूनच जास्त खटकते.

पुढे वीस वर्षांनी, १९६१ च्या ‘प्रपंच’मध्ये, पोराबाळांच्या ओझ्याखाली दबलेला गरीब कुंभार पडद्यावर आला. त्या कुंभाराचे काम बार्शीच्या शाहीर अमर शेखांनी केले. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल.