ट्रकच्या पाठीमागे कोण उभं असतं?

लष्करी ट्रकच्या मागच्या दिव्यात एक गणित दडलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी ट्रकांचे ब्लॅकआउट टेललाइट पाहा. दिवा झाकलेला, आणि झाकणाला चार बारीक फटी. मागून येणाऱ्या चालकाला चारही लाल ठिपके सुटे दिसले, तर तो साठ फुटांच्या आत आला, फारच जवळ. दोन दिसले तर अंतर बरोबर. सगळ्यांचा मिळून एकच ठिपका झाला, तर तो १८० फुटांहून मागे पडला. लांबचे ठिपके डोळ्याला सुटे दिसत नाहीत, या उणिवेचीच केलेली ही मोजपट्टी. आकाशातल्या वैमानिकाला मात्र त्यातलं काहीच दिसू नये.

इंग्रजांचा तोडगा आणखी साधा होता. मागच्या ॲक्सलमधला डिफरन्शियलचा फुगीर गोळा पांढरा रंगवायचा आणि गाडीखाली एक मिणमिणता दिवा त्यावर रोखायचा. मागच्या चालकाने त्या पांढऱ्या डागाचा माग काढत जायचं.

अंधाराची किंमत मात्र जमिनीवरच्याच माणसांनी मोजली. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९पासून ब्लॅकआउट लागू झाला आणि त्या महिन्यात रस्त्यावरचे मृत्यू आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या जवळपास दुप्पट झाले. शहरांवरच्या मोठ्या बॉम्बहल्ल्यांना तेव्हा अजून जवळजवळ वर्षभराचा अवकाश होता. आपल्याकडे १९७१च्या डिसेंबरात मुंबईत गाड्यांच्या हेडलाइटचा अर्धा भाग काळा रंगवला होता, ते आठवणारे लोक आजही घराघरांत आहेत. आणि १९९९च्या उन्हाळ्यात, तोलोलिंगचं शिखर परत मिळेपर्यंत, द्रासजवळच्या महामार्गावरून आपल्या लष्कराचे ट्रक रात्री हेडलाइट बंद ठेवून जात होते. शत्रू वरून रस्ता पाहत होता आणि एक दिवा तोफेला निशाणा द्यायला पुरेसा होता.

इथपर्यंतचा हिशेब दोनच डोळ्यांचा आहे: शत्रूचा आणि मागून येणाऱ्या चालकाचा. पण ट्रकच्या मागे आणखी एक माणूस असतो. फाळका पाडून माल उतरवणारा, ट्रेलरचा आकडा अडकवणारा, रिव्हर्स घेताना फळीवर थाप मारून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारा. त्याच्यासाठी दिवा कोणी लावला?

हा प्रश्न मला ‘रेड बॉल एक्स्प्रेस’बद्दल वाचताना पडला. नॉर्मंडीतून मुसंडी मारलेल्या अमेरिकी फौजा इतक्या वेगाने पुढे गेल्या, की पेट्रोल आणि दारूगोळा मागे राहिला. फ्रान्समधली रेल्वे आधीच्या बॉम्बवर्षावाने मोडली होती. म्हणून २५ ऑगस्ट १९४४ ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात ट्रकांचं एक अखंड रहाटगाडगं चाललं. एक रस्ता भरलेल्या गाड्यांना जायला, दुसरा रिकाम्या गाड्यांना परतायला. २९ ऑगस्टला ५,९५८ गाड्यांनी १२,३४२ टन माल हलवला. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश काळे सैनिक होते. अमेरिकी सैन्यात तेव्हा वर्णभेद अधिकृत होता. तो संपवण्याचा आदेश निघाला जुलै १९४८मध्ये. काळ्या सैनिकांना बहुतेक वेळा लढणाऱ्या तुकड्यांत घेत नसत. त्यांच्या वाट्याला चाक, फावडं आणि पेट्या.

आघाडीपासून दूरच्या पट्ट्यात हेडलाइट लावायची मुभा मिळाली, कारण जर्मन विमानं विरळ झाली होती आणि माल वेळेवर पोचणं जास्त महत्त्वाचं होतं. पुढे गेलं की पुन्हा त्या मांजरडोळ्यांसारख्या फटी. उजेड किती आणि कुठे, हे ठरवणारे वेगळे होते. पेट्रोलचे कॅन चाचपडत उतरवणारे वेगळे.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या एका मराठी मित्राकडे एम-३५ हा ट्रक आहे. १९५०च्या सुमारास वापरात आलेलं हे घराणं, टोपणनाव ‘ड्यूस अँड अ हाफ’, म्हणजे अडीच टनी. तो त्यातून जळाऊ लाकूड वाहतो आणि हिवाळ्यात साडेचारलाच अंधारतं. टॉर्च दातांत धरून ट्रेलर जोडणं त्याने बरीच वर्षं केलं. शेवटी ठरलं, मागे कामाचे दोन दिवे लावायचे. जुन्या गाड्यांच्या जाणकारांनी नाकं मुरडली: मूळ रूप बिघडतं. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. अशा गाडीचा प्रत्येक बदल म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ असते.

पण त्या गाडीतलं दिव्यांचं बटणच पाहण्यासारखं आहे. पूर्ण उजेडाकडे मुख्य खटका नेताना दुसरा एक छोटा खटका उचलून धरावा लागतो. म्हणजे अंधारात, थकलेल्या हाताने, चुकून उजेड होऊच नये. अंधाराकडे जाणं सोपं, उजेडाकडे जाणं मुद्दाम अवघड. हा खटका म्हणजे त्या ट्रकचा खरा इतिहास आणि तो जपण्याजोगा आहे.

म्हणून आम्ही नवे दिवे त्याच्याच आज्ञेत ठेवले. गाडी २४ व्होल्टची, दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले तर ती आधी बसते, म्हणून २४ व्होल्टवर चालणारे एलईडी घेतले. बॅटरीजवळ फ्यूज आणि मध्ये रिले. त्या रिलेला चालना मिळते ती साध्या दिव्यांच्या सर्किटमधून. खटका ब्लॅकआउटवर असेल तर नवे दिवे लागूच शकत नाहीत. शिवाय वेगळा स्विच, कारण रस्त्यावर धावताना मागे पांढरा झोत दिसला तर मागच्याला समोरून गाडी येतेय असं वाटेल. चासीला नवं भोक पाडलं नाही; असलेल्या भोकांतच बोल्ट बसवले. उद्या कोणाला काढायचे झाले तर अर्ध्या तासाचं काम.

मूळ टेललाइट जागच्या जागी आहेत, त्यांच्या चार फटींसकट. ते आजही सांगतात, मागच्या ट्रकने किती अंतर ठेवायचं. नव्या दिव्यांचं काम फक्त फाळक्यापासून आठ-दहा फुटांपुरतं आहे, जिथे माणूस उभा राहून ओझं खांद्यावर घेतो.