शशदर

नववीच्या वर्गात उर्दूचा धडा चालू होता. 'शशदर रह जाना' या वाक्प्रचाराचा अर्थ मी सवयीने सांगून टाकला : थक्क होणे, बुद्धी चालेनाशी होणे. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, शश म्हणजे सहा, दर म्हणजे दरवाजा. सहा दरवाजे असतील तर माणूस थक्क का होईल? पळायला उलट सोपे!" वर्ग हसला. मी मात्र खरोखरच शशदर झालो. बी.एड.ला शिकवण्याच्या पद्धती शिकलो होतो, पण याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

उत्तर सापडले ते एका पटावर. इराणात या खेळाला 'नर्द' म्हणतात, इंग्रजीत बॅकगॅमन. पटावर २४ घरे, दोन खेळाडू, प्रत्येकाच्या १५ सोंगट्या आणि दोन फासे. प्रतिस्पर्ध्याने लागोपाठ सहा घरे दोन-दोन सोंगट्यांनी अडवली, की मागची सोंगटी कोंडली जाते. फाशावर सहापेक्षा मोठा आकडा नसतो, त्यामुळे ती भिंत ओलांडताच येत नाही. सहाही दरवाजे बंद! अशा खेळाडूची जी अवस्था होते, तिलाच आपण शशदर म्हणतो. 'शश-ओ-पंज में पड़ना' म्हणजे द्विधा मनःस्थिती, हा शब्दप्रयोगही फाशांच्या सहा-पाचातूनच आलेला आहे.

नर्दच्या जन्माची एक कथा पहलवी भाषेतल्या ग्रंथात आहे. हिंदुस्थानच्या राजाने नौशेरवान बादशहाकडे (कारकीर्द इ.स. ५३१ ते ५७९) बुद्धिबळाचा पट कोडे म्हणून पाठवला. वजीर बुजुर्गमेहरने ते सोडवले आणि उलट नर्द पाठवला. तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे तीस दिवस, पांढऱ्या-काळ्या म्हणजे दिवस आणि रात्र, असा अर्थही त्याने लावला. ही कथाच आहे, इतिहास नव्हे. पण दोन देशांनी एकमेकांना फौजा न पाठवता खेळ पाठवले, ही कल्पना मला मोलाची वाटते.

पुढे हा खेळ जिथे गेला तिथे फारसी आकडे घेऊन गेला. तुर्कस्तानात त्याला 'तावला' म्हणतात. तुर्की माणूस बाजारात आपल्या भाषेत मोजतो, पटावर बसला की यक, दू, से, चिहार, पेंच, शेश म्हणतो. चार-चारचे दान पडले की 'दोर्त-चिहार' : पहिला चार तुर्की, दुसरा फारसी. सहा-पाचला 'शेश-बेश', त्यातही बेश तुर्की. 'सहाला पाच पाहणे' म्हणजे तिरळे असणे किंवा चुकीचे पाहणे. 'दूशेश' म्हणजे सहा-सहाचे दान, तसाच अनपेक्षित लाभही. अरबी भाषेत सहाला 'सित्ता' म्हणतात, तरी कैरोच्या कहवाखान्यात फासा पडल्यावर 'शेश'च ऐकू येते.

या खेळाचा कडक निषेध करणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे आणि बहुतेक फकीहांनी तो निषिद्धच मानला. त्यांच्या म्हणण्याशी मला वाद घालायचा नाही. पण ज्या घरात हा पट कधी आला नाही, त्या घरातही शशदर हा शब्द बोलला जातो. शब्दांवर पहारा बसवणे कोणालाच जमलेले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर पट काढला. मग एका बाजूला फारसी आकडे लिहिले, समोर मराठी : यक-एक, दो-दोन, चहार-चार, पंज-पाच. मुले स्वतःच म्हणाली, "सर, हे तर भाऊ-भाऊ दिसतात!" आपल्या चौसरचेही सांगितले. एक आणि बारा असे दान म्हणजे पौ बारा. उर्दूत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब उघडणे, मराठीत 'पोबारा करणे' म्हणजे पळून जाणे. दान एकच, दोन भाषांनी आपापल्या परीने खेळलेले.

उर्दू परकी आणि मराठी आपली नाही, असे दोन्हीकडून ऐकत ही मुले वाढतात. दोन्हीकडचे दरवाजे बंद आहेत असे त्यांना वाटू नये, एवढ्यासाठी तो तास खर्ची पडला. अभ्यासक्रम एक धडा मागे राहिला. राहू दे.