आरक्षणाची खिडकी आणि आतला कारकून

कांदिवलीतील एका शाळेत नववीच्या मुलांबरोबर आम्ही एक खेळ खेळलो. फळ्यावर लिहिले : 'कोकणकन्या, शिल्लक बर्थ १०'. चार मुले आरक्षणाच्या खिडकीवरचे कारकून झाली, बाकीची गणपतीला गावी निघालेले प्रवासी. कारकुनाने फळ्याजवळ जाऊन आकडा वाचायचा, जागेवर परत येऊन प्रवाशाला तिकीट लिहून द्यायचे आणि मग फळ्यावरचा आकडा एकाने कमी करायचा, एवढाच नियम. पाच मिनिटांत दहा बर्थ संपले. तिकिटे मात्र तेरा निघाली. लबाडी कोणीच केली नव्हती. दोन कारकुनांनी एकाच वेळी ७ हा आकडा वाचला, दोघांनी एकेक तिकीट लिहिले आणि दोघांनीही फळ्यावर ६ लिहिले, इतकेच!

ही चूक टाळायची कशी? प्रश्न साधा दिसतो. पण संगणकाच्या इतिहासातील एक लांबलचक वाद त्यात दडलेला आहे. नियम ठेवायचा कोठे, खिडकीवर की वहीपाशी?

वही एकच होती

संगणक येण्यापूर्वी रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात ठरावीक गाड्यांचे आरक्षण ठरावीक खिडकीवरच होई. त्या गाडीची वही त्या कारकुनापुढे असे. प्रवाशाला नेमक्या त्याच रांगेत उभे राहावे लागे. गैरसोय मोठी होती. पण या पद्धतीत एक गुण आपोआप आलेला होता. वही एक आणि ती एका वेळी एकाच हातात. त्यामुळे आमच्या वर्गात झाला तसा घोटाळा होण्याला वाव कमी.

१९८५ मध्ये नवी दिल्ली येथे सीएमसी या सरकारी कंपनीने तयार केलेली 'इम्प्रेस' ही संगणकीय आरक्षण प्रणाली सुरू झाली. १९८७ मध्ये ती मुंबईतही आली. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. वही खिडकीवरून उठून आतल्या मध्यवर्ती संगणकात गेली आणि बर्थ कोणता, कोटा कोणता, प्रतीक्षायादीत क्रमांक कितवा, हे ठरवण्याचे कामही तिच्यापाठोपाठ आत गेले. पुढे रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेने 'कॉन्सर्ट' ही प्रणाली तयार केली. ती १९९४ मध्ये सिकंदराबादला सुरू झाली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली.

रेल्वेच्या या रचनेला कोणी 'स्टोअर्ड प्रोसिजर' म्हटले नाही. पण त्या नावामागचा विचार इथे स्पष्ट दिसतो. खिडकीने फक्त मागणी करायची. वहीला हात लावायचा तो आतल्या कारकुनानेच.

एक विचार, अनेक जनक

एकदा लिहिलेले काम नाव घेऊन पुनःपुन्हा करवून घ्यावे, ही कल्पना संगणकाइतकीच जुनी. केंब्रिजचा 'एडसॅक' हा संगणक १९४९ मध्ये चालू झाला, तेव्हा डेव्हिड व्हीलर यांनी मुख्य आज्ञावलीतून उपआज्ञावलीकडे जाण्याची आणि काम संपताच नेमक्या जागी परतण्याची युक्ती बसवली. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याचा सिद्धांत दिला. आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. जिम ग्रे यांनी 'व्यवहार' ही कल्पना पक्की केली. वाचणे, ठरवणे, लिहिणे या सर्व पायऱ्या मिळून एक व्यवहार. तो पूर्ण तरी होईल, नाहीतर अजिबात होणार नाही. मध्येच वीज गेली तरी अर्धवट नोंद उरणार नाही, आणि एक व्यवहार चालू असताना दुसरा त्याच नोंदीत ढवळाढवळ करणार नाही. या कार्यासाठी ग्रे यांना १९९८ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

हे धागे एकत्र आले की कार्यपद्धतीच डेटाबेसमध्ये जपून ठेवण्याची कल्पना सुचते. १९८७ मध्ये सायबेस या कंपनीने अशी सोय असलेला डेटाबेस बाजारात आणला. १९९२ च्या ओरॅकल ७ मध्येही ती आली. फायदे उघड होते. पाच वेळा विचारणा करण्याऐवजी एकच निरोप पाठवावा लागे. खिडकीला तक्ते उघडे न करता केवळ ठरावीक कार्यपद्धती बोलावण्याची परवानगी देता येई. आणि नियम बदलला, तर तो एकाच ठिकाणी बदलावा लागे.

दोन भाषांची गाठ

याच काळात आज्ञावली लिहिण्याची दुसरी रीत जोर धरत होती. नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगॉर यांच्या 'सिम्युला' भाषेतून १९६७ मध्ये पुढे आलेला हा विचार 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' म्हणून ओळखला जातो. 'प्रवासी', 'तिकीट', 'गाडी' अशा वस्तू कल्पायच्या. प्रत्येकीची माहिती आणि तिचे वागणे एकत्र बांधायचे. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सची 'जावा' आली आणि ही रीत घराघरांत पोचली.

अडचण अशी, की डेटाबेसला वस्तू कळत नाहीत. त्याला कळतात आकडे, अक्षरे, तारखा. मग 'प्रवासी' आत पाठवायचा कसा? १९९७ मध्ये जावाबरोबर आलेल्या जेडीबीसीने दिलेले उत्तर आरक्षणाच्या अर्जासारखेच आहे. कार्यपद्धतीचे नाव लिहायचे आणि रिकाम्या रकान्यांच्या जागी प्रश्नचिन्हे ठेवायची. पहिल्या रकान्यात गाडीचा क्रमांक, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात नाव. उत्तर ज्या रकान्यात यायचे, तेथे काय येणार, आकडा की अक्षरे, हेही आधी सांगून ठेवायचे. गंमत म्हणजे जावातील इतर यादी शून्यापासून मोजली जाते, हे रकाने मात्र १ पासून. भरलेला अर्ज आत जातो, उत्तर बाहेर येते आणि त्यातून 'तिकीट' ही वस्तू पुन्हा घडवावी लागते.

या अर्जामुळे सुरक्षितताही वाढते. नावाच्या रकान्यात कोणी खोडसाळपणे आज्ञा लिहिली, तरी ती नाव म्हणूनच वाचली जाते. मात्र आतल्या कार्यपद्धतीनेच ते नाव एखाद्या आज्ञेला चिकटवून चालवले, तर हे संरक्षण उरत नाही.

वस्तुपंथीयांचे आक्षेपही खोटे नाहीत. नियम आत गेला की वस्तूचे वागणे दोन ठिकाणी विभागले जाते. ओरॅकलची कार्यपद्धती सायबेसच्या डेटाबेसमध्ये जशीच्या तशी चालत नाही, भाषाच निराळी. शिवाय बाहेरच्या वाचणाऱ्याला दिसते फक्त एक ओळ. आत काय घडते, ते कळत नाही.

तरीही आमचे मत अनुभवाने बनले आहे. आमच्या प्रयोगशाळेत तापमानाच्या नोंदी सुधारण्याचा गुणक डेटाबेसमधील कार्यपद्धतीत होता आणि त्याचीच एक प्रत आमच्या सी प्लस प्लस आज्ञावलीतही होती. गुणक बदलला तेव्हा आम्ही एकाच ठिकाणी बदलला. दोन महिने दोन निरनिराळी तापमाने आम्ही बिनदिक्कत खरी मानत होतो! मूळ नोंदी जपल्या होत्या म्हणून निभावले. नियम आत असावा की बाहेर, यावर वाद घालता येईल; पण तो दोन्हीकडे असू नये, यावर नाही.

पुन्हा वर्गात

खेळाच्या दुसऱ्या फेरीत आम्ही फळ्यापाशी एका मुलीला उभे केले. कारकुनांनी फक्त चिठ्ठी द्यायची. ती एका वेळी एकच चिठ्ठी घेणार, आकडा वाचणार, कमी करणार आणि बर्थ क्रमांक लिहून परत देणार. या वेळी दहा बर्थ, दहाच तिकिटे. मात्र फळ्यापुढे रांग लागली आणि मुले कुरकुरू लागली. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ती आजारी पडली तर?"

२००२ पासून रेल्वेचे तिकीट संकेतस्थळावर मिळते आणि आता लाखो हातांत एकेक खिडकी आहे. त्या साऱ्या खिडक्यांमागे फळ्याशी उभे असणाऱ्यांवर ताण किती, तो वाटून कसा घ्यावा आणि त्यांतील एक कोसळला तर काम कोणी उचलावे, याचा विचार संगणकशास्त्रज्ञ आजही करीत आहेत. शिक्षकांनी हा खेळ आपल्या वर्गात अवश्य करून पाहावा. खडू, फळा आणि चिठ्ठ्या पुरतात. त्या मुलाच्या प्रश्नाला मात्र पुरेसा वेळ राखून ठेवावा.